वाचणे आणि वाचवणे

मराठीत 'वाचणे' या एका क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आपण पोथी वाचतो, आणि पुरात सापडलेला माणूसही वाचतो. अनेकार्थी शब्द शिकवताना हा शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. उच्चार एक, अर्थ दोन, त्यांचा परस्परांशी संबंध लावायचे कारण नाही, असे सांगून पुढच्या शब्दाकडे वळायचे, ही आम्हा मास्तरांची रीत. परंतु हे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकतात, अशी एक जागा आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. ती म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क. तीही धडधाकट नव्हे, अखेरच्या घटका मोजणारी. अशा डिस्कवरचा मजकूर वाचायला जावे, तर तो वाचण्याची शक्यता दर खेपेला कमी होत जाते.

मग अशा डिस्कमधून आधी काय वाचवावे? हाती येईल त्यातल्या रिकाम्या जागांचे काय करावे? आणि जे वाचवले ते सगळे वाचण्याचा अधिकार वाचवणाऱ्याला मिळतो काय? वरवर हे दुरुस्तीच्या दुकानातले प्रश्न वाटतात. थोडे खोल गेले की ते नीतीचे प्रश्न ठरतात.

प्रथम त्या यंत्राविषयी. हार्ड डिस्कच्या पेटीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो आणि आपला सगळा मजकूर त्या थरात सूक्ष्म चुंबकीय खुणांच्या रूपाने साठवलेला असतो. घरगुती संगणकातली तबकडी बहुधा मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते. म्हणजे सेकंदाला निदान 90. तिच्यावरून वाचणारे टोक तबकडीला स्पर्श न करता, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, एवढे सांगितले म्हणजे हे अंतर किती थोडे आहे ते कळेल. 1956 साली आय.बी.एम. कंपनीने अशा जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आज त्याच्या दोन लाख पटींनी अधिक मजकूर शर्टाच्या खिशात राहतो. माया वाढली, तशी एका फटक्यात बुडण्याची सोयही वाढली.

या यंत्राचा एक स्वभाव मला फार ओळखीचा वाटतो. तबकडीवरचा एखादा कप्पा खराब झाला, तर डिस्क लगेच कुरकुर करीत नाही. तिच्याजवळ काही कप्पे राखीव असतात. मजकूर गुपचूप तिकडे हलवून ती काम चालू ठेवते. न जमल्यास पुन्हा पुन्हा वाचून पाहते. घरातल्या कर्त्या बाईने दुखणे अंगावर काढावे तसेच हे. आपल्याला 'टक् टक्' असा आवाज ऐकू येतो तोवर राखीव कप्पे बहुधा संपत आलेले असतात. टोक तबकडीला घासू लागले असेल, तर प्रत्येक फेऱ्यागणिक चुंबकीय थर खरवडला जातो, आणि त्याबरोबर त्यावरची अक्षरे. म्हणूनच जाणकार सांगतात की आवाज आला की संगणक बंद करावा. 'चालतो का बघू' म्हणून पुन्हा पुन्हा सुरू करू नये.

हे सगळे मला कळले ते एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या निधनानंतर. आमच्याच शाळेत ते मराठी आणि इतिहास शिकवीत. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनीच मला पाठ कसा काढावा हे शिकवले. बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूतल्या खेड्यांत हिंडून, म्हाताऱ्या बायकांसमोर बसून, ते जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रभरातून एक लाखावर ओव्या गोळा करविल्या, हे जाणकारांना ठाऊक आहेच. आमच्या सरांचे काम त्यापुढे अगदी लहान. पण या टापूतल्या बायकांच्या तोंडी मराठी ओवीत सहज येऊन बसणारे कानडी शब्द त्यांनी जसेच्या तसे ठेवले होते आणि प्रत्येक ओवीखाली सांगणारीचे नाव आणि गाव लिहिले होते. वह्या वाळवीने खाल्ल्या. त्याआधी मजकूर संगणकावर चढला होता, एवढेच समाधान. सर गेले, आणि वर्षाच्या आतच तो संगणक टकटकू लागला.

माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्त करतो. घरी कानडी बोलणारा, माझ्याशी मराठी बोलणारा हा मुलगा डिस्क कानाशी धरून म्हणाला, "सर, पूर्ण डिस्कची प्रत घ्यायला रात्र जाणार. तोवर ही टिकेल म्हणून मी काय सांगत नाही. आधी काय काढू, तेवढं सांगा की."

प्रश्न एका ओळीचा, पण खोलीतल्या तिघांकडे त्याची तीन उत्तरे होती. बंगळूरहून आलेल्या मुलाला वडिलांची चित्रफीत हवी होती. नातीच्या बारशाला घेतलेली. त्यांचा आवाज असलेली तेवढी एकच. मला घराचे कागद महत्त्वाचे वाटले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधी त्या बायकांच्या ओव्या घ्या. कागद कचेरीतून मिळतील. त्या बायका आता कुठून आणायच्या?" मुलगा म्हणाला, "आई, बाबा तरी कुठून आणायचे?"

या प्रसंगात कोणी स्वार्थी नव्हते, हे लक्षात घ्यावे. मुलाची मागणी लोभाची नव्हती. तरीही मला वाटते की वहिनींचे बरोबर होते, आणि त्याचे कारण भावनेत शोधू नये. पुन्हा मिळू शकणारी वस्तू मागे ठेवावी, हा झाला पहिला नियम. त्याने कागद मागे पडतात. उरल्या दोन वस्तू, दोन्ही पुन्हा न मिळणाऱ्या. त्यांतली एक घरची, दुसरी ठेव. त्या बायकांनी आपले बोल सरांच्या हवाली केले होते ते 'मास्तर लिहून ठेवतील' या विश्वासावर. घराला आग लागली तर आपल्याकडे ठेवायला दिलेला शेजाऱ्याचा डबा आधी बाहेर काढावा, असे आपली जुनी माणसे मानत. आपली वस्तू गेली तर दुःख होते. ठेव गेली तर दुःखाबरोबर उत्तरही द्यावे लागते. शिवाय ज्यांना उत्तर द्यायचे त्या हयात नसतील, तर ते देणे फिटायचीही सोय राहत नाही.

योगायोगाने यंत्राचा न्यायही त्याच बाजूचा होता. ओव्यांचा मजकूर म्हणजे नुसती अक्षरे; शेकडो ओव्या मिळून एका छायाचित्राएवढी जागाही व्यापत नाहीत. चित्रफीत मात्र अवाढव्य, आणि तबकडीच्या दुखऱ्या भागावर पसरलेली. या कामासाठी जे शहाणे प्रोग्रॅम लिहिले गेले आहेत त्यांचीही रीत अशीच आहे. जेथून सहज येते ते आधी घ्यायचे. जेथे टोक अडखळते तेथे झगडत न बसता त्या जागेची नोंद करून पुढे जायचे. आणि निरोगी भाग हाती आल्यावरच अडलेल्या जागी थोडे थोडे करून परतायचे. ओव्या काही मिनिटांत आल्या. रात्रभर यंत्र चालले आणि पहाटेपर्यंत डिस्कचा बराचसा भाग दुसरीकडे उतरला. चित्रफीत अर्धीच आली; सर नातीचे नाव उच्चारण्याआधीच चित्र थिजते. मुलाने तोंडाने काही म्हटले नाही, पण त्याच्या मनात ते आहे, हे मला ठाऊक आहे. बरोबर निर्णयाचीही किंमत असते, आणि ती बहुधा निर्णय घेणाऱ्याखेरीज दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते.

आता रिकाम्या जागांचा प्रश्न. ओव्यांच्या काही पानांत मधले तुकडे नाहीसे झाले होते. कोठे पहिला चरण आहे, दुसरा नाही. कोठे ओवी आहे, सांगणारीचे नाव नाही. ओवीच्या घाटणीची ज्याला सवय आहे त्याला असा चरण जुळवणे अवघड नसते. भाऊ, माहेर, पंढरीची वाट ही ठरलेली वळणे. मलाही तो मोह झाला. त्या वेळी नाथांची आठवण झाली. शके 1506, म्हणजे 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून मूळ ग्रंथात शिरलेले पाठ त्यांनी निवडून काढले. प्रतिभा त्यांच्याकडे काय कमी होती? तरी ग्रंथाच्या शेवटी त्यांनी बजावले की यात कोणी आपली ओवी घालू नये. वाचवणाऱ्याचा खरा संयम यात आहे. 'लीळाचरित्रा'ची गोष्टही अशीच. मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत गेली आणि हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, असे महानुभाव परंपरा सांगते. स्मरणे अनेकांची, म्हणून पाठही अनेक झाले. आणि पंथाने ते वेगवेगळे पाठ त्या त्या नावांनिशी जपले, हे मला फार मोलाचे वाटते. जेथे मजकूर गेला तेथे आम्ही टिंबे दिली आहेत. टिंबे पानावर वाईट दिसतात. पण ती खरी आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न पुढेच होता. उतरवलेल्या प्रतीची यादी पाहताना त्या मुलाने विचारले, "सर, पुसलेल्या फाइलीपण दिसायल्यात. काढू?"

संगणकावरचे 'पुसणे' हे खरे पुसणे नसते. हजेरीपटावरून एखाद्या मुलाचे नाव कमी केले म्हणून ते मूल नाहीसे होत नाही. ते गावातच असते, फक्त पटावर नसते. तबकडीवरच्या यादीतून फाइलीचे नाव काढले जाते, जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाते, पण दुसरे काही येऊन तेथे बसेपर्यंत अक्षरे जागच्या जागी राहतात. यादीत पत्रांसारखी दिसणारी दहा-बारा नावे होती, एकाच वर्षातली. वहिनींनी ती पाहिली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी लिहिणार नाही.

उघडावीत, या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून लोकांची जुनी दप्तरे सोडली नसती, तर 1898 पासून निघालेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड आपल्याला मिळाले नसते. आणि त्या दप्तरांत खाजगी पत्रे नव्हती थोडीच! काफ्का 1924 साली वारला. आपली हस्तलिखिते जाळावीत, असे तो मित्राला लिहून गेला होता. मॅक्स ब्रॉडने ते मानले नाही, म्हणून 'द ट्रायल' जगाला मिळाली. मेलेल्या माणसाच्या संकोचापायी जिवंतांनी का मुकावे, असे कोणी विचारील.

परंतु या दोन्ही उदाहरणांत एक फरक आहे. राजवाड्यांना मिळालेले कागद घराण्यांनी रुमालात बांधून पिढ्यान् पिढ्या जपले होते. जो जपतो तो वाचणाऱ्यासाठी दार उघडे ठेवतो. काफ्काने जाळण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले. जे त्याने स्वतःच्या हाताने जाळले ते कोणी मागत नाही. आमच्या सरांनी ती पत्रे स्वतःच्या हाताने पुसली होती. आपण नष्ट केले, या समजुतीने ते उठले. यंत्राने आपला शब्द पाळला नाही, म्हणून आपणही पाळू नये काय? एखाद्याने कागद फाडून चुलीत टाकावा आणि चूल विझलेली होती म्हणून मागाहून कोणी तुकडे जुळवीत बसावे, यातला हा प्रकार.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी 'कोलंबिया' अंतराळयान पृथ्वीकडे परतताना फुटले आणि आपल्या कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. अवशेषांत होरपळलेली, मोडकी अशी एक हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची निरीक्षणे तिच्यावर होती. तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून त्यांवरचा जवळजवळ सगळा, सुमारे 99 टक्के मजकूर मिळवला, आणि 2008 साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे कोणालाही संकोच वाटायचे कारण नव्हते. ती निरीक्षणे वाचली जावीत म्हणूनच तर नोंदली गेली होती. लिहिणाऱ्याचा हेतू कळत असेल, तर तोच आपला कायदा. तो कळत नसेल, तर जपावे आणि वाट पाहावी. पुसलेल्या मजकुरात दुसऱ्या कोणाचा हक्क अडकला असेल, कोणाचे देणे, कोणाची जमीन, तर तेवढ्यापुरते उघडणे भाग आहे. कारण आपल्या हाताने दुसऱ्याचा हक्क पुसायची मुभा कोणालाच नसते. नुसते कुतूहल मात्र हक्कात मोडत नाही, मग ते पत्नीचे असो की इतिहासाचे.

वहिनींना मी हे सारे सांगितले नाही. तसा अधिकार माझा नव्हता. त्यांनी चार दिवस घेतले. मग म्हणाल्या, "सांगायचं असतं तर पुसलं नसतं." आणि त्या मुलाकडून प्रतीतली ती जागा त्यांनी खरोखर कोरी करून घेतली, जुन्या डिस्कच्या तबकड्याही मोडायला लावल्या. असा निर्णय सगळ्यांना जमेल असे नाही. त्यांच्या जागी मी असतो तर चार दिवस वाट पाहू शकलो असतो की नाही, हे मला सांगता येत नाही.

एवढे झाल्यावर ओव्या उघडल्या, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. मजकूर शाबूत होता. पण तो जुन्या काळच्या फॉण्टमध्ये लिहिलेला. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण 1991 साली ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. तरी आपल्याकडचे छापखाने आणि शाळा पुढे कितीतरी वर्षे आपापल्या कंपनीच्या फॉण्टवरच काम करीत. तो फॉण्ट नसेल, तर तीच अक्षरे भलतीच दिसतात. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळाले. रफार आणि जोडाक्षरे हाताने सुधारावी लागली. ते काम अजून चालू आहे.

यात नवे काही नाही. सीमाभागातल्या जुन्या घरांत माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल सापडतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर असे हजारो रुमाल आहेत. ते कागद वाचले आहेत, पण वाचले जात नाहीत. आपला मूळ शब्द येथे पुन्हा भेटतो, आणि या वेळी दोन्ही अर्थ एकमेकांवाचून अडलेले. सरांची नात बंगळूरला शिकते. ती कानडी आणि इंग्रजी लिहिते, मराठी नुसती बोलते. अलीकडे आजी तिला फोनवर एकेक ओवी सांगते, आणि त्यातला कानडी शब्द नात आजीला समजावून देते. हा व्यवहार त्या डिस्कमधून निघालेल्या सगळ्या प्रतींहून टिकाऊ ठरेल, असे मला वाटते.

आता नव्या संगणकांत फिरत्या तबकड्या नसतात. त्यांतले पुसलेले बहुधा लवकरच खरोखर जाते, आणि ते बंद पडण्यापूर्वी टक् टक् करीत नाहीत. म्हणजे आम्हाला मिळाली ती एका रात्रीची मुदतही पुढे मिळणार नाही. वाचकहो, दिवाळीला घरची माणसे एकत्र येतात. त्यांतली एक दुपार यासाठी काढावी. ज्याला तोड नाही अशा मजकुराच्या दोन प्रती करून एक दुसऱ्या गावी ठेवावी. आपल्याकडे कोणाची ठेव आहे, ते मुलांना सांगावे. काय वाचावे आणि काय न वाचता नष्ट करावे, हे आपल्या हाताने एका कागदावर लिहून ठेवावे. म्हणजे आपल्यामागे ते ठरवण्याचा भार घरच्यांवर पडणार नाही. आणि त्या दुपारीच एखाद्या नातवंडाला जवळ बसवून त्यातले एक पान मोठ्याने वाचायला लावावे.